आधी कोपरा, मग पाणी

तेरावा नकाशा उलगडून तिने त्याच्या चारही कोपऱ्यांवर शिशाची वजनं ठेवली आणि नदीच्या मुखापाशी भिंग धरलं. फुली होती. जांभळी, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ, तिच्याच हातची. आधीच्या बारा नकाशांवरही होती. म्हणजे आता फक्त नऊ नंबरचा राहिला, आणि तो चौकशी अधिकाऱ्यांच्या कपाटात कुलूपबंद होता.

गेल्या गुरुवारी सकाळी धुक्यात नऊ नंबरची लाँच बुडालेल्या पडावावर, एका जुन्या मालवाहू होडीवर, आदळली होती. ऐंशी प्रवाशांना ओढून काढलं. इंजिनवाल्याला मात्र काढता आलं नाही.

बंदर कार्यालयात सगळे तिला दुरुस्तीबाई म्हणत; खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. दर सोमवारी चौदा लाँचींचे नकाशे कापडी खोळींतून तिच्या टेबलावर येत. त्या आठवड्याच्या पत्रकात जे असेल, सरकलेला तरंगता बोया, वाढलेला गाळ, नवा अडथळा, ते जांभळ्या शाईने प्रत्येक नकाशावर उतरवायचं, मग डाव्या कोपऱ्यात पत्रकाचा क्रमांक घालून सही करायची. मंगळवारी नाड्या बांधून खोळी परत. नियमाने आधी दुरुस्ती, मग सही. पण तिला काम शिकवणारे जुने हेडक्लार्क पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आधी कोपरा, मग पाणी." तपासनीस येतो तो कोपरा पाहतो, पाण्यात कोण डोकावतंय? एका दमात चौदा सह्या ठोकल्या की निम्मं काम हलकं. पाण्याचं मागाहून होतंच. अठरा वर्षं होत आलंही होतं.

पडावाचं पत्रक आलं त्या सोमवारी चौदा सह्या झाल्या होत्या, फुल्या चालू होत्या, आणि घरून फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. पेन तसंच टाकून ती धावली. मनगटाला प्लॅस्टर घालून आईला घरी निजवलं, तीन तासांनी परत येऊन उरलेलं काम उरकलं. आठव्या नकाशापर्यंतचं तिला नीट आठवत होतं. दहाव्यापासूनचंही आठवत होतं. मधल्या नवव्याचं काही केल्या आठवेना.

"बाई, बुधवारी चौकशीला तुम्हीही या," कार्यालयाचे साहेब दारातूनच म्हणाले. "कोपऱ्यात सही आहे ना, एवढंच विचारतील."

"आहे."

"मग चेहरा का असा? कप्तानाची चूक उघड आहे. माणूस गेलाय म्हटल्यावर कुणाच्या तरी माथी बसणारच."

ते गेल्यावर तिने या आठवड्याचं पत्रक पुढे ओढलं. लाँचच्या धडकेने पडाव जागचा हलला होता. आता तो डाव्या काठाकडे सरकून बसला होता. तिने तेराही नकाशांवर नवी फुली काढली, प्रत्येक फुली दोनदा तपासली, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदाच सही शेवटी केली.

मंगळवारी संध्याकाळी घरी आली तेव्हा नवरा कात्री घेऊन औषधांच्या पिशवीशी झटत होता.

"अगं, ही तुझी गाठ! दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. तिजोरी परवडली."

"माझ्या आईने शिकवलेली गाठ आहे ती," ती म्हणाली.

"तरीच," तो म्हणाला, आणि आतून आईचा आवाज आला, "ऐकू येतंय बरं जावईबापू, हात मोडलाय, कान नाही!"

एरवी ती हसली असती. ती पाटावर तशीच बसून राहिली. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती इंजिनवाल्याच्या बायकोची होती. शनिवारी ती बाई बंदराच्या पायऱ्यांवर बसली होती, कुणाशी न बोलता, नवऱ्याचा डबा मांडीवर घेऊन. तो डबा लाँचवर सापडला होता. दुरुस्तीबाई तिला टाळून मागच्या दाराने आत गेली होती.

आईने डाव्या हाताने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मी पडले त्या दिवसापासून तुझं काहीतरी बिनसलंय."

"तुझं काही नाही गं त्यात," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

बुधवारी सकाळी पुन्हा धुकं होतं. चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, चार खुर्च्या आणि बंदराकडे उघडणारी खिडकी. टेबलावर नऊ नंबरची खोळ. तिची नजर आधी नाडीवर गेली. दोन वेढे, टोक आत. तिचीच गाठ.

कप्तान समोर बसला होता. तीस वर्षं लाँच चालवलेला माणूस, आठवड्यात म्हातारा झालेला. अधिकाऱ्याने विचारायच्या आधीच तो बोलला.

"साहेब, उगाच लांबण नको. नकाशा मी उघडलाच नाही. त्या दिवशीही नाही, त्याआधीही नाही. मला वाटायचं, हे पाणी मला तोंडपाठ आहे."

अधिकारी लिहू लागला. "म्हणजे नकाशात काय होतं, याचा प्रश्नच येत नाही. बाई, तुमची सही असेलच. तुम्ही जाऊ शकता."

तिच्या जिवात जीव आला. सुटले, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं, आणि पाठोपाठ स्वतःची इतकी लाज वाटली की तिला उठवेना. कप्तान मान खाली घालून बसला होता.

"खोळ उघडून बघा," ती म्हणाली.

"गरज नाही, बाई. त्यांनी कबूल केलंय."

"गरज आहे."

कुणी हलेना, तेव्हा तिनेच गाठ सोडली. नकाशा पसरला. कोपऱ्यात क्रमांक होता, सही होती. तिने कोपऱ्याकडे पाहिलंही नाही. थेट नदीच्या मुखावर तर्जनी ठेवली. तिथे निळ्या कागदावर काहीच नव्हतं.

"इथे फुली हवी होती," ती म्हणाली. "मी काढली नाही. सही आधी केली होती."

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. कप्तान उठून आला, खिशातला चष्मा लावला आणि वाकला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हा नकाशा पाहत होता. अठरा वर्षांच्या जांभळ्या खुणांवरून त्याची नजर सावकाश फिरली आणि एका जागी अडली.

"ही कसली?"

"खडकाची खूण. सहा वर्षांपूर्वी काढलीय."

"मी रोज सकाळी माणसं भरून इथूनच..." तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"पण बाई," अधिकारी म्हणाला, "हे नकाशा उघडत नाहीत, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

तिने नाडीकडे पाहिलं. "दर सोमवारी या खोळीवरची मी माझीच गाठ सोडायची. ज्यांनी उघडलंय त्यांच्या खोळींवर खलाशांची गाठ येते. पाच खोळी माझ्याच गाठीने येतात. चार, सहा, नऊ, अकरा, तेरा."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"मला ते माझं काम वाटलं नाही."

खाली धक्क्यावरून भोंगा वाजला. लांब, मग तोकडा. कप्तानाने सवयीने खिडकीकडे मान वळवली.

"चार नंबर सुटली," तो म्हणाला.

ती झटकन वळली. "कप्तान, पडावाची जागा टाळायला आता सगळे कुठून जातात?"

"डावीकडून. गुरुवारपासून सगळेच. मीही तसाच गेलो असतो."

"पडाव डावीकडे सरकलाय. सोमवारच्या पत्रकात आहे. मी फुली काढलीय, चार नंबरच्याही नकाशावर. देवाशपथ काढलीय."

"मग त्यांना माहीतच असणार," अधिकारी म्हणाला. "लाँचवाल्यांना वेगळं कळवत नाहीत का?"

"नकाशावर उतरलं की कळवलं, असंच धरतात. मी कोपऱ्यात सही केलीय, म्हणजे कळवलेलं आहे."

अधिकाऱ्याने फोन ओढला, लाँचच्या केबिनमधल्या बिनतारी फोनचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर सरळ तिच्या हातात दिला. घंटी वाजत होती. खिडकीबाहेर लाँचचा मागचा दिवा धुक्यात मिणमिणला आणि दिसेनासा झाला. घंटी अजून वाजतच होती. कप्तान ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होता. किती मिनिटांत मुख येतं, ते त्याला खरंच तोंडपाठ होतं.

"हॅलो, चार नंबर."

"मी दुरुस्तीबाई बोलतेय. इंजिन बंद करा. आधी बंद करा, मग विचारा! पडाव डावीकडे आहे. डाव्या हाताला, ऐकताय ना? नकाशावर दिलाय."

पलीकडे कुणीतरी ओरडलं. इंजिनाची घरघर खाली आली, मग थांबली. नुसतं पाणी ऐकू येऊ लागलं, आणि प्रवाशांची कुजबुज, आणि एका लहान मुलाचं रडणं.

"बंद केलंय, बाई. थांबा, नकाशा बघतो."

खोळ फळीवरून खाली ओढल्याचा आवाज आला. मग नुसती खुडबुड. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता.

"बाई," तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज आता घाबरलेला होता. "ही गाठ सोडायची कशी?"