चौथीची रेघ

"आई, हसू नकोस ना! तू हसलीस की खवाटा पळतो."

"मग गुदगुल्या करू नकोस. खवाटा माझा आहे. पळेल नाहीतर बसेल."

आई स्टुलावर पाठमोरी बसली होती आणि मी तिच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने हाडांच्या कडा काढत होते. खवाटा म्हणजे खांद्यामागचं तिकोनी हाड. ते चाचपून त्याचे तिन्ही कोपरे शोधायचे, कुठला स्नायू कुठून सुटतो ते आखायचं, असा माझा अभ्यास. आईला नुसतं बोट लागलं तरी ती खिदळते, त्यामुळे तिच्या पाठीवर मांजराने शाई सांडल्यासारखं काहीतरी झालं होतं.

मी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी चाचणी होती, आणि जिच्यावर आखायचं ती पाठ आपापल्या घरून आणायची होती. मागच्या चाचणीत मी सपशेल आपटले होते. पाठांतर विचाराल तर सगळं तोंडपाठ! पण जिवंत माणसाला हात लावायचा म्हटलं की माझा हात बावरतो. आमच्या बाई म्हणाल्या होत्या, "तुझा हात दार वाजवून पळून जातो. आत कोण आहे ते कळणार कसं?" बाई हाडं शिकवतात आणि स्वतः हाडकुळ्या आहेत, म्हणून आम्ही त्यांना हाडबाई म्हणतो. वर्गातल्या सांगाड्याचं नाव उपाशीकाका.

हे शिकायला लागल्यापासून माझी नजर पार बिघडली आहे. बसमध्ये कुणी वरची दांडी धरली की मला माणूस दिसत नाही, दंड दिसतो. शेजारच्या काकू एका बाजूला झुलत चालतात, तर लोकांना तो ठसका वाटतो आणि मला त्यांच्या कमरेचा स्नायू ढिला वाटतो. उपाशीकाकांची आधी भीती वाटायची. आता कधीकधी वाटतं, यांनाही लहानपणी कुणीतरी कडेवर घेतलं असेल.

"बाबा, तुम्ही बसा ना," मी म्हटलं.

बाबा दाराशी उभे राहून डाव्या हाताने चहा पीत होते. "मला गुदगुल्या होतात."

"त्या आईला होतात."

"मला जास्त होतात."

"हल्ली यांचं असंच चाललंय," आई पदर नीट करत उठली. "कशात जीव नाही. म्हणे फाटकावर बसतो!"

ती एक वेगळीच डोकेदुखी होती. बाबा रंगारी. नुसते नव्हे, हाडाचे रंगारी. त्यांनी छत रंगवलं तर खाली अंथरलेला कागद कोराच्या कोरा उचलायचा. लहानपणी ते मला उजव्या हाताची बेटकुळी काढून दाखवायचे आणि मी त्या दंडाला लोंबकळायचे. तो माणूस गेले काही महिने नुसती दारं आणि खिडक्यांचे गज रंगवत होता. आता मुकादमाने त्यांना एका कारखान्याच्या फाटकावर राखणदारी देऊ केली होती, आणि बाबा सोमवारी हो म्हणणार होते. का, तर वय झालं.

"वय झालं म्हणे," आई म्हणाली. "लग्नात माझ्याहून दोन वर्षांनी मोठे होते. आता एकदम वीस वर्षांनी कसे झाले? ते काही नाही. पोरीचं वर्ष जाईल. काढा सदरा."

माझं वर्ष म्हटल्यावर बाबांचा नाइलाज झाला. त्यांनी कप ठेवला, बटणं सोडली, डावा हात बाहेर काढला आणि मग उजवी बाही, हात जराही न हलवता, नुसती खाली ओघळू दिली.

मी बघतच राहिले. दुखरा हात सदऱ्यातून शेवटी बाहेर येतो, हे मी गेल्याच आठवड्यात घोकलं होतं. आणि मग एकेक आठवायला लागलं. डोक्यातून घालायचे बनियन त्यांनी कधीच सोडले होते. घरातसुद्धा पुढून बटणांचा सदरा. चहा डाव्या हाताने, कंगवा डाव्या हाताने.

मी त्यांच्या खवाट्यावर तळहात ठेवला. या वेळी हात पळाला नाही.

"बाबा, हात वर करा."

धडधाकट खांद्यात दंड आधी निघतो आणि खवाटा मागून येतो. बाबांचा खवाटाच आधी धावत सुटला, आणि हात खांद्याच्या उंचीला येऊन अडला.

"आणखी."

"एवढाच."

"आणखी करा ना!"

"एवढाच आहे, बाई."

आई जवळ आली. "कधीपासून?"

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "आधी ठणकायचा. मग ठणका कमी झाला आणि हात अडला. काय सांगायचं? रंगाऱ्याचा हात वर जात नाही म्हणजे गवयाचा गळा बसला. मुकादमाच्या कानावर गेलं असतं. म्हटलं, कुणी ऊठ म्हणायच्या आत आपणच उठावं."

"मुकादमाला नाही सांगितलंत, ठीक," आई म्हणाली. "मी काय मुकादम आहे?"

ती तरातरा आत गेली आणि भांडी आपटल्याचे आवाज आले. मग तेही थांबले. ते थांबल्यावर मला जास्त रडू आलं.

"बाबा, तुमचा हात गेला नाहीये," मी नाक पुसत जोरात म्हटलं. "आखडलाय! पुस्तकात अख्खा धडा आहे यावर. वेळ लागतो, पण सुटतो."

"तू मागच्या चाचणीत नापास झालीस ना?"

"तोंडी परीक्षेत पहिली आले होते!"

सोमवारी मी बाबांचीच पाठ घेऊन गेले. मी आखलेलं हाडबाईंनी बोटाने तपासलं, मग बाबांचा खांदा स्वतः सगळीकडून फिरवून पाहिला, शेजारच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला लावला. मला म्हणाल्या, "आज हात दारात थांबला." एवढंच. पण हाडबाईंच्या तोंडून एवढं म्हणजे मिरवणूकच. बाबांना म्हणाल्या, "फाटलं-तुटलं काही नाही. खांदा आखडलाय. वर्षभर चिकाटी धरा, सुटेल. घाई केलीत तर रुसेल आणि सोडून दिलंत तर बसेल."

"छत?" बाबांनी एकच शब्द विचारला.

"आधी भिंत," हाडबाई म्हणाल्या. "भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवायची. थांबतील तिथे खूण करायची. रोज."

येताना बाबा मुकादमाकडे गेले. फाटक नको, सध्या दारं-खिडक्याच द्या, म्हणाले. मुकादम म्हणाला, खुर्ची तुमच्यासाठी थांबणार नाही. बाबा म्हणाले, नका थांबवू. हे त्यांनी आईला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा जास्त ऐटीत.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीचा एक पट्टा जुन्या रंगाचा आहे. त्यावर पेन्सिलीच्या रेघा आहेत, माझ्या उंचीच्या. दर वर्षी शाळा सुरू झाली की बाबा मला तिथे उभी करायचे, डोक्यावर उजवा तळहात आडवा ठेवायचे आणि रेघ मारायचे. पहिली, दुसरी, चौथी. तिसरीत मला गोवर आला होता, म्हणून ती रेघ नाही. घराला कितीदा रंग लागला, पण बाबांनी तेवढा पट्टा दर वेळी सोडला. व्यायामाला त्यांनी नेमकी तीच जागा धरली. पहिल्या दिवशी बोटं चढली, थरथरली आणि थांबली.

"चौथी," बाबा वाकून वाचत म्हणाले. "चौथीत आहे मी."

मग घरात शाळाच सुरू झाली. काकू विचारायला आल्या की आई सांगायची, "बरे आहेत. पाचवीत गेले." सहावीत मात्र ते अडकले. हलेनात. एका सकाळी त्यांनी चिडून हात जोरात वर रेटला आणि कळवळून खालीच बसले. दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा पाचवीच्या खाली.

"फाटकच बरं होतं," हात मांडीवर घेऊन ते म्हणाले. "बसून राहायचं तरी."

आईने गरम पाण्याची पिशवी आणून त्यांच्या खांद्यावर ठेवली. "एकदा नापास झालं म्हणून शाळेतून नाव काढतात का? ही बघा, झालीच होती की!"

नापासाची अशी बढाई कुणी मारली नसेल. बाबा हसले. हसताना त्यांचा खांदा हलला आणि आईने पिशवी दाबून धरली.

पुढे त्यांनी हाताची घाई केली नाही. सातवी आली. आठवीला बराच मुक्काम झाला. एका रविवारी मी अंघोळ करून बाहेर आले तर बाबा पट्ट्यासमोर उभे होते आणि त्यांची बोटं दहावीच्या वर होती. दहावीनंतर माझी उंची वाढलीच नाही, म्हणून तिथून वर नुसती भिंत.

"आता पुढे काय?" मी विचारलं.

"पुढे तुझ्या रेघा नाहीत."

"मग तुमच्या काढू. पेन्सिल आणते."

"आण. पण आधी तू उभी राहा."

"मी? या वयात?"

"टाचा लाव भिंतीला. बडबड नको."

मी उभी राहिले. सवयीने माझा हात त्यांच्या पाठीमागे गेला आणि खवाट्यावर टेकला. बाबांनी भिंतीचा आधार सोडला. त्यांचा उजवा हात हळूहळू वर येऊ लागला, बोटांना टर्पेंटाइनचा वास होता. माझ्या तळहाताखाली खवाटा गप्प होता. आधी दंड निघाला. मग खवाटा मागून आला, जसा यायला हवा तसा.

तळहात माझ्या डोक्यावर आडवा टेकला.

"किती झाली?" आईने आतून विचारलं.

"तेवढीच आहे," बाबा म्हणाले. पण हात त्यांनी लगेच काढला नाही.