पानाखालचे फडके

मी एक जुने भिंग आहे. मित्रांनो, तुम्ही हातात धरून मुंग्या बघता ते भिंग वेगळे. मी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे भिंग. छोट्या काळ्या डबीसारखा मी भुवई आणि गाल यांच्या चिमटीत बसतो, म्हणजे मालकांचे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. त्यांना जे दिसते ते आधी माझ्यातून जाते.

माझा जन्म कारखान्यातला. पण मी खरा वाढलो तो जिन्याखालच्या एका दुकानात. दुकान इतके लहान की गिऱ्हाईक आत आले की मालकांना पाय आखडून बसावे लागे. मालकांची एक रीत होती. घड्याळ हातात आले की ते आधी उलटे करायचे. पाठचे झाकण काढायचे आणि सगळे सुटे भाग पांढऱ्या कागदावर मांडायचे.

"अहो, काटा पुढे अडकलाय. मागे काय बघताय?" गिऱ्हाईक विचारी.

"दुखणं पोटात आहे. तोंड बघून काय करू?"

घड्याळ चालू झाले की गिऱ्हाईक म्हणे, "डोळा आहे बुवा तुमचा!" कौतुक डोळ्याचे व्हायचे, पण फुगायचो मी.

मग मालकीणबाई आजारी पडल्या. दुकान बंद झाले आणि मी घरातल्या टेबलाच्या खणात, संपलेल्या सेलांच्या शेजारी जाऊन पडलो. बाई गेल्या हे मला खणातच कळले. घरात पुष्कळ पावले वाजली आणि नंतर एकाच माणसाची उरली.

मागे राहिले बाईंचे रबराचे झाड. एका फांदीपासून त्यांनी ते खिडकीच्या उंचीचे केले होते. मालकांनी ठरवले, काहीही होवो, हे झाड जाऊ द्यायचे नाही. पाणी वेळेवर, दर रविवारी पाने पुसणे, सगळे बाई करायच्या तसे. तरी पानांवर पिवळे ठिपके आले. पाने गळू लागली.

"बाबा, काढून टाका ते," लेक म्हणाली. "मी दुसरं आणते, अगदी असंच."

"असंच नको. हेच पाहिजे."

"मग खत तरी घाला. उपाशी असेल बिचारं."

नर्सरीवालाही तेच म्हणाला. मालकांनी खत घातले. फरक दिसेना, म्हणून आणखी घातले. ठिपके तर राहिलेच, वर पानांच्या कडाही करपल्या.

"किती घातलंत, बाबा?"

"उपाशी होतं ना? पोटभर वाढलं."

"वाढलंत की सूड उगवलात?"

मालक हसले नाहीत. त्यांनी तडक खण उघडला. मला शर्टाला पुसले आणि डोळ्यात बसवले. भुवईने मला पूर्वीसारखेच घट्ट धरले.

शेजारच्या कुंडीत एक वेल होती. तिचीही खालची पाने पिवळी पडली होती. मालकांनी आधी ती बघितली. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, डावीउजवीकडे सारखीच. खालची जुनी पाने सगळी तशी, वरची कोवळी मात्र हिरवीगार. पान उलटे केले, मागे काही नाही. पान पांढऱ्या कागदावर झटकले. कागद कोराच.

मग रबराच्या झाडाचे पान. इथे ठिपक्यांना कसली शिस्तच नव्हती. सुईने कुठेही टोचावे तसे ते विखुरले होते. बोटांनी सवयीने पान उलटे केले आणि मला दिसले! बारीक जाळी, आणि जाळीत हलणारे कण. मालकांनी पान कागदावर झटकले. धुळीसारखे काहीतरी पडले आणि ती धूळ चालू लागली.

"लाल कोळी!" मालक म्हणाले. "रस पितायत पानाचा. उपाशी ती वेल आहे, आणि मी जेवण वाढलं भलत्याच ताटात."

"पण तुम्ही तर दर रविवारी पुसता," लेक म्हणाली.

"पुसतो की. तुझी आई पुसायची तसंच, वरून."

"आई दोन्हीकडून पुसायची, बाबा."

"छे. दुसरा हात नुसता खाली असायचा. पानाला आधार म्हणून."

"त्या हातातही फडकं असायचं."

मालकांनी न्हाणीघराकडे बघितले. न्हाणीघरातल्या दोरीवर नेहमी दोन फडकी वाळत असत. एक जास्तीचे असेल, असे त्यांना इतकी वर्षे वाटत आले होते.

मी धूसर झालो. मालकांनी मला काढले, पुसले आणि पुन्हा डोळ्यात बसवले.

"दोन फडकी आण," ते म्हणाले.

झाड वेलीपासून दूर, न्हाणीघरात गेले. कुंडीत भरपूर पाणी ओतून जादा खत वाहून जाऊ दिले. प्रत्येक पान साबणाच्या पाण्याने वरून आणि खालून पुसले. एकदा पुसून भागत नाही, मित्रांनो. अंडी मागे राहतात आणि नवे कोळी निघतात. मालकांनी बाई गेल्यापासून बंद असलेली खिडकी उघडली आणि पुसणे चालूच ठेवले. आणखी पाने गळली. झाडाची काठी झाली.

"बाबा, आता तरी..."

"काठी हिरवी आहे अजून."

आणि एका सकाळी काठीच्या टोकाला लालसर कोंब दिसला. त्यातून पान उलगडले तेव्हा मालकांनी मला डोळ्यात बसवले आणि आधी त्याची पाठ बघितली. स्वच्छ होती. मग सावकाश तोंड बघितले.

लेक त्यांच्याकडेच बघत होती. "आणि तुम्ही, बाबा? वरून तर बरे दिसता."

मालकांनी मला डोळ्यातून काढले. नेहमीसारखे "मला काय धाड भरलीय" असे म्हणाले नाहीत. "बस," ते म्हणाले. "चहा टाकतो. सांगतो."

मित्रांनो, आता मी खणात नसतो. न्हाणीघराच्या दाराशी एका खिळ्याला टांगलेला असतो, दोन ओल्या फडक्यांच्या शेजारी. तुमच्या घरातल्या झाडाचे पान पिवळे पडले, तर खताच्या पिशवीकडे लगेच धावू नका. आधी ते पान हलक्या हाताने उलटे करा. भिंग नसले तरी चालेल. पांढरा कागद घ्या, पान झटका आणि जरा थांबून बघा.