पंख्यांच्या नक्षीची भिंत

मी जुनी भिंत आहे, मित्रांनो. बसायची खोली आणि झोपायची खोली यांच्या मधली, अर्ध्या विटेची. माझ्या एका अंगावर हातपंख्यांची उठावदार नक्षी आहे. दारातून आत पाऊल टाकलं की पाहुणे आधी माझ्याकडे बघायचे आणि ‘वा’ म्हणायचे. पण माझी गोष्ट गोड नाही. वस्तूंच्या गोष्टी गोडच असतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याने तुम्हाला फसवलं आहे.

माझा जन्म मारातूनच झाला. गवंड्याने थापीच्या धारेने विटा तोडल्या, एकीवर एक ठेवून ठोकल्या, गिलावा तोंडावर फेकून मारला आणि घासघासून सपाट केला. त्याच्या मनात राग नव्हता. तो शीळ घालत मारत होता. भिंत मार खाऊन उभी राहते, हे खरं आहे. माणसाचं तसं नसतं. एवढी साधी गोष्ट ज्याला कधी कळली नाही, असा एक माणूस त्या घरात राहायला आला. सोबत त्याची बायको होती आणि टिचकी नावाची चिमुकली मुलगी होती. टिचकी हे तिचं खरं नाव नव्हे. अंगाने टिचभर म्हणून आईने ठेवलेलं.

इमारतीत त्या माणसाचं नाव फार चांगलं होतं. म्हाताऱ्यांच्या पिशव्या तो वर आणून द्यायचा. जिन्यात कोणी भेटलं की आधी हा हसायचा. ते हसू दार लावेपर्यंत पुरायचं. दार लागलं की तो बुटांसोबत तेही काढून ठेवायचा.

सुरुवातीला त्याने माझ्यावर पेला भिरकावला. मग ताट. मग खुर्ची. आणि मग एका संध्याकाळी, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून, त्याने बायकोचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं माझ्यावर आपटलं. मित्रांनो, ताट आपटण्याचा आवाज मला ठाऊक होता. हा आवाज वेगळा होता. भरलेला माठ कोणीतरी ओट्यावर जोरात टेकवावा तसा. माझा गिलावा आत दबला, वर चंद्रकोरीसारखी चीर गेली. बायको खाली बसली. तो माझ्याकडे वाकून बघत राहिला आणि म्हणाला, “भिंतीची वाट लावलीस.”

त्यानंतर हे नेहमीचं झालं. कधी डोकं, कधी खांदा, कधी पाठ. केसांखालचं टेंगूळ दिसत नाही आणि बाह्यांखालचं काळंनिळंही दिसत नाही. मी गुळगुळीत होते, त्यामुळे तिची कातडी फाटायची नाही. खड्डे पडायचे ते मला. तिचं दुखणं आतल्या आत राहायचं आणि माझं चारचौघांत दिसायचं. म्हणून इलाज माझ्यावर झाला.

त्याच्या कचेरीतले वरचे साहेब जेवायला येणार होते. त्याने रंगारी बोलावला. रंगारी तोंडाने बडबड्या आणि हाताने चपळ होता. त्याने माझ्यावर तळहात फिरवला, खड्ड्यांत बोटं घातली आणि विचारलं की इथे हातोडा फेकीचा खेळ चालतो का. टिचकीचा बाप हसला. रंगारीही हसला. मग त्याने पडदा धरून उभ्या असलेल्या बाईकडे एकदा पाहिलं आणि त्याचं हसू विझलं. पण विचारलं त्याने काहीच नाही. त्याने पुट्टी कालवायला घेतली. असे न विचारणारे खूप असतात, मित्रांनो. ते वाईट नसतात. त्यांना फक्त पुढच्या घरी जायचं असतं.

खड्डे भरून झाल्यावर माझ्यावर जाड रंगाचा लेप आला. दह्यासारखा दाट, वाळूचे बारीक कण मिसळलेला, राखाडी. तो ओला असतानाच रंगाऱ्याने रबरी दातांचा कंगवा टेकवला आणि मनगट गोल फिरवलं. एक पंखा उमटला. त्याच्या बाजूला दुसरा. खालपासून वरपर्यंत मी पंख्यांनी भरून गेले. सपाट भिंतीवर जरा कुठे खोलगट असलं तरी उजेडात उघडं पडतं. या नक्षीत सगळं खपून जातं, असं रंगारी सांगत होता. रेघांची टोकं वर आली होती, करवतीसारखी. ओल्या थापीने तो ती दाबून बसवायला निघाला, तेव्हा टिचकीच्या बापाने त्याचा हात धरला. त्याला उठाव खोल हवा होता.

“साहेब, घरात पोर आहे,” रंगारी म्हणाला. “हे वाळलं की दगड होतं. अंग घासलं तर सालपटं निघतील.”

“पोरीला भिंतीला कोण घासतंय?” बाप म्हणाला.

टोकं तशीच राहिली. लेप वाळल्यावर त्यांच्यावरून मोतिया रंगाचा कोरडा ब्रश फिरला. मी अशी नटले, की साहेबांनी माझ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले. बाई लांब बाह्यांत जेवण वाढत होती. साहेबीणबाई तिला म्हणाल्या की तुम्ही किती नशीबवान, नवऱ्याला घराची एवढी हौस. ती म्हणाली, हो, त्यांना फार हौस आहे.

टिचकीला मी आवडायचे. ती बोटाने पंखे चाचपायची. सगळे पंखे एकसारखे आहेत, एक तरी वेगळा हवा, असं तिला वाटलं. एका सुट्टीच्या दुपारी तिने निळं स्केचपेन आणलं आणि खालचा एक पंखा रंगवला. नीट, रेघेबाहेर न जाता.

तिच्या बापाने ते पाहिलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि मधे उभी राहिली. तिला त्याने एका हाताने बाजूला फेकलं. ती मेजाच्या कोपऱ्यावर पडली. मग त्याने टिचकीची मान धरली आणि तिचा गाल माझ्यावर दाबून खाली ओढला. वरून खालपर्यंत. निळ्या पंख्यापर्यंत. मित्रांनो, मी भिंत आहे. मला मागे सरकता येत नाही. मी जिथे आहे तिथेच होते आणि त्या पोरीची कातडी माझ्या टोकांना लागून राहिली. मोतिया रंगावर लाल उतरलं. तिच्या गालावर कंगव्याच्या रेघा उमटल्या, वळणासकट.

आईने आजवर हात उचलले होते ते स्वतःचं तोंड झाकायला. त्या दिवशी तिने स्टूल उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. तो वळला. स्टूल हिसकावून त्याने तिच्या मनगटावर मारलं, आणि मनगट वाकडं झालं. दुसरा घाव तो घालणार, तेवढ्यात बेल वाजली.

समोर राहणाऱ्या शिवणवाल्या मावशी आल्या होत्या. माझ्या रंगाला शोभतील असे पडदे त्याने त्यांच्याकडे शिवायला टाकले होते. त्याने केस सारखे केले, हसू चढवलं, दार अर्धं उघडलं आणि पडद्यांसाठी हात पुढे केला. मावशींनी पडदे दिले नाहीत. त्याच्या काखेखालून त्यांना टिचकी दिसली. पोर जिन्यात पडली, तो म्हणाला, फार दांडगी झाली आहे.

मावशींचा सगळा जन्म कापडावरची नक्षी बघण्यात गेलेला. त्यांनी पोरीचा गाल पाहिला. मग मला पाहिलं. लाल झालेल्या जागी त्यांची नजर थांबली.

“जिना माझ्याही दारात तोच आहे,” त्या म्हणाल्या. “त्याला पंखे नाहीत.”

त्याने दार ढकललं. मावशींनी उंबऱ्यात पाय घातला. त्याने पुन्हा ढकललं, मग खांदा लावला, मग दार मागे घेऊन सगळ्या ताकदीने आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मला इथे, खोलीच्या या टोकाला ऐकू आला. मावशींनी पाय काढला नाही. चौकट धरून त्या ओरडत होत्या, आणि ओरडण्यात शब्द एकच होता, “ये.” दार मिटत नव्हतं. आईने टिचकीला चांगल्या हाताने काखोटीला मारलं, डोकं खाली घातलं आणि बैलासारखी त्याच्या बरगड्यांवर धडकली. तो कोलमडला. मायलेकी मावशींच्या अंगावरून बाहेर पडल्या. तोवर प्रत्येक मजल्यावरची दारं उघडली होती.

त्याने आतून कडी घातली आणि तो माझ्याकडे आला. हातात पत्रा आणि हातोडी. लाल खरवडायचं होतं त्याला. पण रंगारी खोटं बोलला नव्हता, वाळलेला लेप दगड झाला होता. पत्रा सटकायचा आणि त्याच्या बोटांची सालं निघायची. एका जागचं पुसायला गेला आणि दहा जागी स्वतःचं रक्त लावून बसला. पोलिसांनी दार तोडलं तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत राखाडी धुळीत उभा होता. त्यांनी माझे फोटो काढले आणि दवाखान्यात पोरीच्या गालाचे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर पुढे कोणाला काही सांगावं लागलं नाही.

आता या घरात मायलेकी दोघीच राहतात. पायाला प्लास्टर असताना मावशी कुबड्या घेऊन रोज यायच्या. एकदा माझ्यासमोर बसून त्या हळहळल्या, की मेल्या रंगाऱ्याने टोकं बसवली असती तर पोरीचा गाल वाचला असता.

“गाल वाचला असता, मावशी,” आई म्हणाली. “पोर वाचली नसती.”

 मावशी म्हणाल्या की चहा टाक, आणि साखर नीट घाल, गेल्या वेळी नुसतं गरम पाणी दिलंस.

मित्रांनो, इतर वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, पुसा, रंगवा. मला जपू नका. तुमच्या वर्गातल्या कोणाच्या अंगावर वळ दिसला तर विचारा. ती म्हणेल, पडले. पुन्हा विचारा. मग एखाद्या मोठ्या माणसाला जाऊन सांगा. त्याने कानाडोळा केला तर दुसऱ्याला सांगा. दारात पाय घालणारं माणूस सापडेपर्यंत सांगत राहा. घराची अब्रू वगैरे जे काही तुम्हाला ऐकवतील, ते ऐकून घ्या आणि तरीही सांगा.

आज सकाळी गवंडी आला आहे. छताचा भार माझ्यावर नाही हे त्याने ठोकून पाहिलं आहे. मला पाडून एकच मोठी खोली करायची आहे. मावशींना दूरच्या खुर्चीत बसवलं आहे. आई दाराशी उभी आहे. गवंड्याने विचारलं, सुरुवात कोण करणार, आणि टिचकी पुढे झाली. हातोडी तिला जड होते आहे. तिने दोन्ही हातांनी ती डोक्यावर नेली आहे, आणि अशी थांबली आहे, जणू माझीच परवानगी मागते आहे.

मार, बाळ. जोरात मार. मला लागत नाही.