भाकरीवरचा फोड

थंड उत्तरेतल्या आमच्या नॉरबीन गावात सिक्स्टेनचं भाषण ज्याने ऐकलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. चर्चच्या हॉलमध्ये ऐकलं नसेल तर पेट्रोल पंपावर ऐकलं असेल. पंपावर चुकवलं असेल तर एल्क हरणाच्या शिकारीत त्याच्या शेजारी दबा धरून बसताना ऐकलं असेल, आणि तिथून तर उठून जाताही येत नाही. भाषण एकच. “माणूस लाखो वर्षं मांस, मासे आणि चरबीवर जगला. धान्य आलं ते काल-परवा. आपल्या शरीराला ते अजून कळलेलंच नाही.” मग तो शर्ट जरासा वर करून सपाट पोट दाखवायचा. “तीन वर्षांत भाकरीचा तुकडा या तोंडात गेलेला नाही. माझी साखर बघा. गोळ्या बंद.” आणि शेवटी मागे हात करायचा. “आणि ही माझी गुनवोर. हिने साथ दिली म्हणून जमलं.”

गुनवोर कॉफीच्या किटल्यांपाशी उभी असायची. लोक वळून बघायचे आणि ती मान खाली घालून हसायची. खरं सांगायचं तर तिला त्या वाक्याचा अभिमान होता. अख्ख्या भाषणातलं तेवढंच तिच्या वाट्याचं होतं.

साथ दिली म्हणजे काय केलं, ते मात्र भाषणात कधी आलं नाही. ते मी सांगतो.

आमच्याकडे भाकरी घरात होत नाही. ओढ्याकाठी भाजघर आहे, आत मोठी दगडी भट्टी. हिवाळा तोंडावर आला की चार-पाच बायका मिळून तिथे जवाच्या पातळ भाकऱ्या करतात, वर्षभर पुरतील एवढ्या. एक मळते, एक लाटते, एक लांब काठीने भट्टीत सोडते. पुरुषांनी बर्चची लाकडं फोडून द्यायची आणि गरम भाकरीला लोणी लावून, गुंडाळी करून, तिथेच उभ्याने खायची. लाटायचं काम गुनवोरचं. तिच्याआधी तिच्या आईचं होतं. आईचं लाटणं अंगभर बारीक दाणे कोरलेलं. शेवटचा हात त्या लाटण्याचा फिरवायचा, म्हणजे भाकरीला टोचे पडतात आणि ती भट्टीत फुगत नाही. लहानपणी एका नाताळात गुनवोरने त्याच लाटण्याने चुलीच्या कडेवर अक्रोड फोडायला घेतला आणि अंगठ्याएवढ्या जागेतले दाणे उडवून टाकले. तेव्हापासून त्या लाटण्याच्या प्रत्येक भाकरीला कडेशी एक जागा गुळगुळीत राहायची. भट्टीत तेवढीच टम्म फुगायची आणि करपायची. “गुनवोरचा फोड” असं आई मरेपर्यंत म्हणत होती. लाटणं मात्र तिने बदललं नाही, आणि गुनवोरनेही नाही.

सिक्स्टेनला साखर निघाली तेव्हा त्याने आधी कॉफीबरोबरचे गोड पाव सोडले, शनिवारची चॉकलेटं सोडली, बिअर सोडली. इथपर्यंत ठीक होतं. मग त्याला इंटरनेटवर कोणीतरी गुरू भेटला आणि घरातलं पीठच बाहेर गेलं. बटाटे गेले. लापशीचा डबा गेला. राहिलं काय, तर अंडी, बेकन, एल्कचं मांस, मलई आणि लोणी.

“तू खा की, मी कुठे नको म्हणतोय?” तो म्हणाला. “पण घरात भाकरी दिसली की माझा हात जाणार. मी काही संत नाही.”

झालं. गुनवोरने भाकरी सोडली. भाजघरातली जागा सोडली, ती मायलिसला मिळाली. मायलिस म्हणजे ओढ्यापलीकडची, गुनवोरची शाळेपासूनची मैत्रीण, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मग सिक्स्टेन म्हणाला, “हे लाटणं डोळ्यांसमोर नको. गावच्या संग्रहालयाला देतो, तिथे नीट राहील.” गुनवोरने ते पंच्यात गुंडाळलं, त्याच्या हातात दिलं आणि कोठीघरात जाऊन रडली. नवऱ्याच्या जिवापुढे लाकडाचा तुकडा काय, असं तिने स्वतःला समजावलं.

सिक्स्टेन सुधारला, हे कोणी नाकारत नाही. पोट गेलं, चेहऱ्यावर रंग आला, साखर उतरली. गुनवोरचं मात्र उलटं होत गेलं. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले, हात गार पडायला लागले. पुढे पुढे टपालपेटीपर्यंतचा चढ चढताना छाती आवळल्यासारखी व्हायची आणि पत्र हातात धरून तिला कुंपणाला टेकावं लागायचं.

आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण नातीच्या वयाची, पण आमच्याकडे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात.

“गुनवोर, तू खातेस तरी काय?” कागद बघत तिने विचारलं.

“सिक्स्टेन खातो तेच.”

“त्याला ते मानवलं, मी नाही म्हणत नाही. पण एकाच्या मापाचा कोट दुसऱ्याला होतोच असं नाही. तुझं कोलेस्टेरॉल कुठे गेलंय बघ. आणि तुझे वडील हृदयानेच गेले ना? लोणी आवर. जव खा, ओट्स खा, वाटाणे खा.”

“म्हणजे हा आहार वाईटच का?”

“तीस वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही, कोणालाच नीट माहीत नाही. तुला आज काय होतंय, ते इथे दिसतंय.”

घरी येऊन गुनवोरने हे सांगितलं. सिक्स्टेन हसला. “डॉक्टर लोक शंभर वर्षं मागे असतात. आपल्या पूर्वजांना कुठे कोलेस्टेरॉल होतं? शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, अजून एक वर्ष दे.” मग तिचा गार हात हातात घेऊन म्हणाला, “आणि तू सुरू केलंस की मी घसरणार. तुला माहितीये मी कसा आहे.”

माहीत आहे असं तिला वाटत होतं. चाळीस वर्षांचा संसार. नवरा आणि डॉक्टरीण यांत विश्वास कोणावर ठेवायचा, हा तिच्यासाठी प्रश्नच नव्हता. तिने ते वर्ष दिलं.

ते संपत आलं होतं तेव्हा गावातली म्हातारी एल्ना गेली. दफनानंतर हॉलमध्ये नेहमीप्रमाणे कॉफी होती. गुनवोर शिरस्त्याप्रमाणे पावाच्या ताटांवरून नजर उचलून अंड्यांकडे निघाली होती, तेवढ्यात कोणीतरी तिच्या पुढ्यातून भाकरीचं ताट नेलं. जवाची पातळ भाकरी, लोणी लावून तिकोनी कापलेली. वरच्या तुकड्याच्या कडेशी काळा फोड होता, अंगठ्याएवढा. तिने खालचा तुकडा उचलून बघितला. त्यावरही होता.

“कोणी केल्या या?” तिने विचारलं.

“मायलिसने. फोड सोडला तर हात चांगला बसलाय हां तिचा.”

समोर सिक्स्टेन कॉफीत लोणी ढवळत कोणाला तरी लाखो वर्षांचा इतिहास सांगत होता. तिने तुकडा परत ठेवला आणि कोट घातला.

गाडीत तिने बाहेर बघत विचारलं, “आईचं लाटणं संग्रहालयात कुठे ठेवलंय रे त्यांनी?”

“काचेच्या कपाटात,” सिक्स्टेन म्हणाला. “लोणी घुसळायच्या रवीशेजारी. छान दिसतं. शाळेची मुलं बघायला येतात.”

थापेबाजाने निदान ततपप करावं की नाही. याने शाळेची मुलंसुद्धा आणून उभी केली. घरापर्यंत गुनवोर गुडघ्यांवरच्या हातमोज्यांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिक्स्टेन कुऱ्हाड घेऊन निघाला. शिकारीच्या खोपटाचं छप्पर नीट करायचंय म्हणाला. त्या छपराचं काम तीन हिवाळे चाललं होतं. एवढ्यात राजवाडा झाला असता. तो वळणाआड गेल्यावर गुनवोरने बूट चढवले आणि ओढ्याच्या वाटेला लागली. उतार होता, तरी दोनदा थांबावं लागलं. सगळ्या बायकांच्या भाकऱ्या कधीच करून झाल्या होत्या, तरी भाजघराच्या धुराड्यातून धूर निघत होता. दारापाशी ताजी फोडलेली लाकडं रचलेली होती, आडवी-उभी-आडवी, जशी त्यांच्या स्वतःच्या अंगणात रचलेली असतात तशी.

तिने दार उघडलं.

सिक्स्टेन भट्टीजवळच्या बाकावर बसला होता. हातात गरम भाकरीची गुंडाळी, मनगटावरून लोणी ओघळत होतं. मायलिस पाटापाशी उभी होती आणि तिच्या हातात आईचं लाटणं होतं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हा तर कोरडाही नव्हता, कोपरापर्यंत लोण्यात होता.

“गुनवोर, अगं, ऐक,” मायलिस म्हणाली.

“तू थांब. तुझ्याशी नंतर बोलते.” गुनवोरने दाराला पाठ टेकली, कारण छाती पुन्हा आवळली होती. “कधीपासून, सिक्स्टेन?”

“एखादीच खातो गं. कधीमधी.”

“कधीपासून?”

“पहिल्याच हिवाळ्यापासून,” तो हातातल्या गुंडाळीकडे बघत म्हणाला.

“आणि साखर?”

“साखरेचं काही बिघडलं नाही. ती ठीकच राहिली,” तो म्हणाला. आपण काय बोलून बसलो ते त्याला बोलल्यावर कळलं.

“म्हणजे तुला माहीत होतं,” गुनवोर म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. “तुझं चांगलं झालं ते गोड सोडून आणि लाकडं फोडून. भाकरीने तुझं काही वाकडं होत नाही, हे तुला माहीत होतं. आणि मला म्हणालास, अजून एक वर्ष दे. माझी छाती दुखत होती, सिक्स्टेन. मी तुला सांगितलं होतं.”

“सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो. आता त्यांना काय तोंड दाखवायचं? आणि तूही इतकी कडक झाली होतीस. तुझ्यासमोर तुकडा मोडायची छाती होत नव्हती.”

हे मात्र तिला झोंबलं. याच्यासाठी उपाशी राहायचं आणि वर कडक म्हणून घ्यायचं. एखाद्या बाईच्या नादाने इथे आला असता तर बरं झालं असतं, असं तिला खरोखर वाटलं. तिने बशा फोडल्या असत्या, बहिणीकडे निघून गेली असती, गावाने तिची बाजू घेतली असती. भाकरीच्या तुकड्यासाठी नवऱ्याने केसाने गळा कापला, हे कोणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचं?

“मला म्हणाला, तू लाटणं जाळायला काढलंस,” मायलिस म्हणाली. “म्हणून ठेवून घेतलं. देवाशप्पथ.”

“ओढा ओलांडला की माझं दार. तीन वर्षांत एकदा विचारायचं होतंस.”

मायलिसने पाटावरचं पीठ हाताने इकडचं तिकडे केलं. “विचारलं असतं तर हा यायचा बंद झाला असता,” ती म्हणाली. “एकटीने किती लाकडं फोडायची, तू सांग.”

गुनवोरने कोट काढून खुंटीला लावला. बादलीत हात धुतले. मग मायलिससमोर हात पसरला आणि मायलिसने लाटणं तिच्या हातात ठेवलं. गुनवोरने गोळा घेतला, साध्या लाटण्याने पातळ केला, शेवटचा हात आईच्या लाटण्याने फिरवला. हात विसरले नव्हते. मायलिसने भाकरी काठीवर घेतली आणि भट्टीत सोडली. कडेशी फोड टम्म फुगला आणि काळा पडला.

गुनवोरने भाकरीला लोणी लावलं, अगदी पुसट, डॉक्टरीण म्हणाली होती तसं. अर्धी तिथेच उभ्याने खाल्ली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. सिक्स्टेन उठून जवळ आला. सगळं मिटत आलं असं त्याला वाटलं असावं. त्याने उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे हात नेला.

“तू नको,” ती म्हणाली. “तुझे पूर्वज भाकरी खात नव्हते. माझे खायचे.”

तेव्हापासून त्यांच्या घरी दोन प्रकारचा स्वयंपाक होतो. ती त्याच्यापुढे अंडी ठेवते, बेकन ठेवते, कॉफीत लोण्याचा गोळा टाकून देते, कशातही कमी करत नाही. स्वतः लापशी खाते, वाटाण्याचं सूप खाते, भाकरी खाते, त्याच्या समोर बसून. एकदा त्याने नुसतं ताटाकडे बघितलं तर ती म्हणाली, “घसरशील.” भाजघरात लाटायला ती परत उभी राहते. मायलिस भट्टीपाशी असते, आणि दोघींत पीठ-पाण्यापलीकडे बोलणं होत नाही. लाकडं आता मायलिसचा पुतण्या फोडतो.

सिक्स्टेनची भाषणं अजून चालू आहेत. भाकरीचा तुकडा या तोंडात जात नाही, असं तो अजूनही सांगतो, आणि गंमत बघा, आता ते खरं आहे. फक्त शेवटी मागे हात करायचं त्याने सोडलंय. किटल्यांपाशी कोणी नसतं.

गुनवोरचे आकडे खाली आलेत. टपालपेटीचा चढ ती न थांबता चढते. डॉक्टरीण खूश आहे. पण परवा सकाळी सिक्स्टेन खिडकीतून बघत म्हणाला, “बर्फ पडायला लागला गं,” तर हातातला चमचा ठेवून ती उठली, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि बाहेर खरंच बर्फ पडतोय का ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग परत येऊन लापशी खायला बसली.