एकटीनं जायचं न्हाई

खो-खोच्या सरावात रुपाने खांबाकडे सूर मारला आणि उठताना तिचा डावा पाय मुडपला. ती तिथेच मातीत बसली. वैष्णवी पाटीवरून उठून तिच्यापर्यंत पोचायच्या आत खेळाचे जोगदंड सर पोचले होते. त्यांनी उकिडवं बसून तिचा घोटा दाबून पाहिला आणि शिट्टी खिशात घातली.

"लचकलाय. चल, सामानाच्या खोलीत मलम लावून देतो."

"मी बी येते, सर," वैष्णवी म्हणाली.

ती बोलली तशा पाटीवरच्या आणखी दोघी उठल्या. कुणी त्यांना खूण केली नव्हती. एकीने रुपाचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसरीने तिच्या चपला उचलल्या.

सर हसले. "एका पायासाठी तिघी? वरात काढता का काय?"

कुणीच हसलं नाही. खोलीत तिघी दाराशी खेटून उभ्या राहिल्या. सरांनी मलमाची डबी उघडली, जरा थांबले आणि ती वैष्णवीच्या हातात दिली.

"तूच लाव," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

शाळा सुटल्यावर रुपा लंगडत वैष्णवीबरोबर चालत होती. आठवीतली पोर, ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची. टीममध्ये नवीनच आली होती, पण वाऱ्यासारखी पळायची.

"ताई, समद्या काहून आल्या माझ्यासंगं?"

"आपल्या टीमात असंच असतंय. एकटीनं जायचं न्हाई."

"पर काहून?"

वैष्णवीने तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. तिने आठवीत हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा कॅप्टन असलेल्या दिपानेही एवढंच सांगितलं होतं. दिपा म्हणजे रुपाचीच थोरली बहीण. जिल्ह्यात तिच्यासारखी पळणारी पोर नव्हती, आणि ऐन भरात असताना तिने एके दिवशी खेळ सोडला. पुढे लग्न झालं.

तिने मागे ठेवलेले नियम मात्र राहिले. जीपमध्ये सरांच्या शेजारी दोघींनी मिळून बसायचं. नव्या ड्रेसचं माप द्यायला सगळ्यांनी एकदम जायचं. मुक्कामी सरांनी कुणाला हाक मारली तर आधी शेजारणीला उठवायचं. का, ते कुणी उच्चारत नव्हतं. उच्चारलं असतं तर गोष्ट घरोघरी गेली असती, आणि सगळ्यात आधी पोरींचा खेळ बंद झाला असता, हे प्रत्येकीला कळत होतं. वसमतला जिल्ह्याच्या स्पर्धा जिंकून आल्या तेव्हा गावाने हलगी लावून सरांना मिरवलं. हार घालणाऱ्यांत वैष्णवीचे वडील वैजनाथही होते. वैष्णवीला जिंकून आणलेल्या ढालीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा जास्त अभिमान वाटे. ती कॅप्टन झाल्यापासून एकाही पोरीच्या केसाला धक्का लागला नव्हता.

"दिपाताई मला खेळूच देत नव्हती," रुपा म्हणाली. "आईला, आमच्या याडीला, रडून दाखवलं तवा आले. कारण इचारलं की ती उठून जाती."

पुढच्या आठवड्यात सरांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं की, उन्हाळ्याच्या सुटीत पाचवी-सहावीच्या मुलींचं शिबिर घ्यायचं. वसमतला, मुक्कामी. लहानपणापासून तयार केल्या तरच खेळाडू घडतात, असं ते म्हणाले. बारक्या पोरी नाचायलाच लागल्या. त्यांच्यात वैष्णवीची चुलतबहीणही होती. घरी सांगायला ती दप्तर तिथेच टाकून पळाली.

वैष्णवी सरांच्या मागे गेली. "सर, आमी येऊ का शिबिराला? बारक्यांकडं बघायला?"

"तुमचं काय काम तिथं?" सर म्हणाले. "तुमी आता मोठ्या झाल्या."

त्या संध्याकाळी ती ओढा ओलांडून तांड्यावर गेली. दिपा माहेरी आली होती. लेकरू मांडीवर घेऊन अंगणात तांदूळ निवडत होती.

"नेम पाळता ना तुमी?" तिने मान वर न करता विचारलं.

"व्हय."

"मग झालं."

"सर बारक्यांचं शिबिर घेऊन राहिले, ताई. पाचवीच्या पोरींचं."

सुपातला हात थांबला. "मग त्यायला बी शिकव."

"त्या दहा वर्षांच्या हायेत. काय शिकवू? त्यायला कायीच म्हाईत न्हाई."

"मला बी नव्हतं," दिपा म्हणाली.

तिने लेकराचं तोंड पदराने पुसलं. "हे बग वैष्णवी, माझ्या मालकाला यातलं कायी ठाव न्हाई. मी कुटं येणार न्हाई, कुणाला सांगणार न्हाई. तू जा आता. अंधार पडायलाय."

घरामागच्या खळ्यात शिजवलेली हळद वाळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई, आशाबाई, ती पालथी घालत असताना वैष्णवी तिच्या शेजारी बसली आणि तिने सांगितलं. नियम सांगितले, शिबिर सांगितलं, दिपाचं एवढंच सांगितलं की तिने खेळ सोडला होता.

आशाबाईंचे पिवळे हात तसेच हळदीत राहिले.

"तुला?"

"न्हाई, आई. आमी एकटीला जाऊच देत न्हाई."

"इतक्या दिवस पोरीच पोरींला राखत होत्या," आशाबाई हळूच म्हणाल्या. "आन् आमी हार घालत होतो." मग त्यांनी घराकडे पाहिलं. "बापाला आताच नको सांगू. पयलं तुझंच नाव काढतील शाळंतून. मी बघते."

त्या उठल्या आणि हात धुऊन ओढ्याच्या वाटेला लागल्या. परत आल्या तेव्हा काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "दिपा आली तर आली. न्हाई आली तर आपुन दोघी."

हेडमास्तरांच्या खोलीत आशाबाई पहिल्यांदाच गेल्या होत्या, वैष्णवीला बरोबर घेऊन. खुर्चीच्या कडेवर बसून, पदर सावरत त्यांनी मुद्द्याचं तेवढं सांगितलं. हेडमास्तर मधेमधे पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"कुणी पाहिलंय का? असं नुसत्या संशयावर माणसाला…"

बोलता बोलता ते थांबले. दाराबाहेर चपला काढून दिपा उभी होती, कडेवर लेकरू. कुणी बस म्हणालं नाही. ती आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. हेडमास्तरांनी तिला ओळखलं. तिचा फोटो अजून त्यांच्या मागच्या भिंतीवर होता, हातात कप घेतलेला. त्यांनी पुढे पुराव्याचं काही विचारलं नाही.

"आशाबाई," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मला बी लेकी हायेत. पर हे बाहेर गेलं तर कुणाची आब्रू जाईल, तुमीच सांगा. त्याची न्हाई जायची. या लेकरांची जाईल. कोण आपली पोरगी पुन्हा मैदानावर धाडील?" त्यांनी टोपण लावलं. "शिबिर आजच रद्द करतो. आन् संस्थेची दुसरी शाळा हाय, लई लांब. जूनमधी त्याची बदली तिकडं करून टाकू. कुणाला तकलीफ न्हाई. खेळ बी चालू राहील पोरींचा."

आशाबाईंनी आवळून धरलेला पदर सोडला. दिपानेही लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतलं. वैष्णवीला वाटलं, सुटलो. आपली टीम राहिली, बारक्या वाचल्या, दिपाताईला तोंड उघडावं लागलं नाही. आई उठायला लागली, तशी तीही उठली.

दारापर्यंत जाऊन ती वळली.

"सर, त्या शाळेत पोरींची टीम हाय का?"

हेडमास्तरांनी पेनाचं टोपण परत काढलं. बाहेर मैदानावर कुणीतरी जोरात "खो" म्हणालं.

"हाय," ते म्हणाले.

मग दिपा भिंतीपासून सुटली. तिने लेकरू आशाबाईंच्या हातात दिलं आणि त्यांनी सोडलेल्या खुर्चीवर, चांगली मागे टेकून बसली. हेडमास्तर दार लावायला उठले.

"उघडंच राहू द्या, सर," दिपा म्हणाली. "मी तवा नववीत व्हते."