चंद्रमौली समुद्रात उतरला

बायको गरोदर असली की नवऱ्याने समुद्रात उतरायचं नाही. कुंभकोणमच्या त्या मराठी घरात हे कुणी कुणाला शिकवत नसे. सगळ्यांना ठाऊकच असे.

म्हणून अंबुजाने सांगितलं नाही.

गाडीची तिकिटं काढून झाली होती. चंद्रमौली शाळेत मास्तर. त्याला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघंच निघाली होती. सासूबाईंना, सुब्बलक्ष्मींना, सांगितलं होतं रामेश्वराचं दर्शन. जायचं होतं ते बेटाच्या पार टोकाला, धनुष्कोडीला, आणि तिथे काहीही करायचं नव्हतं.

वाळू. मग पाणी. मग परत वाळू. चिंचेच्या भातातसुद्धा वाळू.

"उतरा की आत!"

"तू ये आधी."

"मला ऊन लागलंय. मी बसते."

"भिऊ नको गे, आपल्या गावच्या महामखाच्या कुंडात पोहलेला माणूस आहे मी."

"पोहलेले? पायरी धरून बसला होता म्हणे. अम्मांनी सांगितलंय मला."

"अम्मा तुझ्या बाजूची कधीपासून झाली?"

तो उतरला. लाटेने त्याला उलटं करून वाळूवर आणून टाकलं. नाकातोंडात पाणी, धोतर गळ्याशी, आणि तो हसतोय. मास्तरला असं हसता येतं? ती बघत राहिली. ते हसू थांबवायला एक वाक्य पुरलं असतं.

घरी गेल्यावर सांगू.

घरी गेल्यावर

(ती दुपार इथे नाही. दवाखान्याची पांढरी चादर आहे, आणि आता पोटात कुणी नाही.)

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या खेपेला पुष्कळ जणींचं असं होतं, यात कुणाचा दोष नसतो. चंद्रमौलीने तमिळमध्ये त्यांचे आभार मानले. विश्वास एका शब्दावरही ठेवला नाही.

"पोर बायकोच्या पोटात," सुब्बलक्ष्मी म्हणाल्या, "आणि तू समुद्रात बुड्या मारीत होतास, चंद्रा?"

त्या एकदाच म्हणाल्या. पुरलं.

चंद्रमौली जेवेना. ताट पुढे आलं की दोन घास चिवडून उठे. अंगणात बसून राही.

"मीच घालवलं," तो म्हणाला.

"असं नसतं हो."

"मला ठाऊक असतं, तर वाळूवर बसलो असतो गे. तुझ्याशेजारी."

ठाऊक असतं तर: दोघं वाळूवर. तो पायाने खड्डा करतोय. नावं सुचवतोय, तिला एकही आवडत नाही. समुद्र समोर, कुणी त्याच्याकडे बघत नाही.

हे असं होऊ शकलं असतं. तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मला ठाऊक होतं," अंबुजा म्हणाली.

त्याने मान वर केली.

"गाडीत बसताना?"

"त्याच्याही आधी. सांगितलं तर तुम्ही उतरणार नाही, म्हणून बोलले नाही. दोष असलाच तर माझा."

मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"म्हणजे मी नाही."

"नाही. तुम्ही नाही."

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला. दह्यातली डांगर पच्चडी मागून घेतली, पुन्हा भात घेतला.

"आज भूक लागली वाटतं याला," सुब्बलक्ष्मी खूश होऊन म्हणाल्या. "वाढ गे, अंबुजा."

अंबुजाने वाढलं. त्याने वर पाहिलं नाही.