पिवळी रेघ

“बास, बास. आता बास,” मिस्त्री स्वतःलाच म्हणाले आणि त्यांनी बटणावरचं बोट उचललं.

खटका पडला. पिकअप जमिनीपासून दोन फूट वर थांबली, चारही चाकं अधांतरी. खाली दोन लोखंडी चौकटी, त्यांना जोडलेल्या तेलाच्या नळ्या, आणि भिंतीलगत गुरगुरून गप्प झालेला छोटा पंप. मिस्त्रींनी आधी पंपाकडेच पाहिलं. पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त केलेला माणूस दुसरीकडे कुठे बघणार? कुठे तेल झिरपत नव्हतं, आवाजही स्वच्छ होता.

“पंप बरा आहे,” त्यांनी नाइलाजाने कबूल केलं.

ही लिफ्ट दोन वर्षं खोक्यात पडून होती. बायकोनेच मागवली होती. घरी आली त्या दिवशी केवढं रणकंदन झालं होतं.

“आडवं पडून काम करायचं वय राहिलं का तुमचं?” ती म्हणाली होती.

“मग काय, गाडीखाली खाट टाकू?”

“खाट नको, स्टूल टाका. लिफ्टने गाडी वर घ्या आणि बसून काम करा, राजासारखं.”

“राजा व्हायचं असेल तर त्या चौकापलीकडच्या गॅरेजवाल्या मिशीवाल्याला सांग. त्याला लागतात असली थेरं. मी पाठीवर पडून गाडी खोलतो आणि पाठीवर पडूनच बसवतो.”

विषय तिथेच संपला. खोकं कोपऱ्यात गेलं, त्यावर जुन्या चादरींचे गठ्ठे चढले. चादरींना त्या घरात तोटा नव्हता. बायको पिकअप घेऊन तीन दवाखान्यांच्या चादरी धुलाईला न्यायची आणि परत पोचवायची. बावीस वर्षं एक दिवस चुकली नाही. गाडी ती चालवायची, गाडीची निगा मिस्त्री राखायचे. चार महिन्यांपूर्वी ती गेली, तेव्हापासून गाडी उभी होती. आता मुलीने आईचं काम हातात घ्यायचं ठरवलं होतं. उद्या सकाळी येऊन ती गाडी नेणार होती. काल फोनवर तिने विचारलं होतं, “बाबा, ब्रेक नीट आहेत ना? पूर्वी चढावर आई जरा घाबरायची.”

“तुझी आई मांजरालाही घाबरायची,” ते म्हणाले होते. आणि सकाळी उठून, कुणी बघत नसताना, खोकं फोडलं होतं.

चौकटींच्या जोडीला चारही बाजूंना टेकूच्या लोखंडी घोड्या लावून मिस्त्रींनी मागची दोन्ही चाकं काढली. गेली कित्येक वर्षं चाकांचं काम टायरवाल्याकडेच व्हायचं, बायको जाता-येता करून आणायची. मिस्त्री खालून सरपटत जात आणि नाकासमोर जे येईल ते आवळून बाहेर येत. आज पहिल्यांदाच ते स्टुलावर बसून, दिवा हातात धरून, बाजूने गाडीचं पोट पाहत होते.

त्यांच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. नट आवळून झाला की त्यावर रंगाची एक रेघ मारायची, म्हणजे पुढे तो सैल झाला तर रेघ सरकलेली दिसते. ही त्यांची जुनी सवय. मागच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे आठ नट, आठ पांढऱ्या रेघा.

पण रेघा सरकल्या होत्या. आणि नट सैल नव्हते. रेघा उलट्या बाजूला गेल्या होत्या, आवळायच्या दिशेला, केसभरच; खाली पडून बघताना ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी दिवा जवळ नेला. नटाच्या बाहेरच्या अंगाला, चाकाकडे तोंड करून, एक बारीक पिवळी रेघ होती. दुसऱ्या नटावरही तशीच. तिसऱ्यावरही. आठही नटांवर. एका रेघेखाली जुनी, विटलेली दुसरी रेघ होती, तिच्याखाली तिसरी. खाली पाठीवर पडलेल्या माणसाला ती जन्मात दिसली नसती.

पिवळी रेघ कुणाची हे त्या भागात कुणाला सांगायला नको होतं. चौकापलीकडच्या मिशीवाल्याची. त्याच्या गॅरेजातून निघालेल्या प्रत्येक गाडीच्या नटावर ती असायची. “काम कमी आणि रंगकाम जास्त,” असं मिस्त्रीच चार लोकांत हसून सांगायचे.

मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांची गाडी. त्यांचे नट. आणि त्यांच्या माघारी, त्यांच्या प्रत्येक कामावर या माणसाचा हात फिरला होता. गाडी आपल्या पायाने तर गेली नव्हती त्याच्याकडे. तिने नेली होती.

आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. “तो मिशीवाला गाडीशी बोलतो बरं का, रोग्याशी डॉक्टर बोलतो तसा,” असं ती एकदा जेवताना म्हणाली होती. तिला कसं माहीत? दर दोन महिन्यांनी, मिस्त्रींनी गाडीचं काम केलं की पुढच्या गुरुवारी तिला तासभर उशीर व्हायचा. “रस्त्यात गर्दी होती,” म्हणायची. आणि ती गेली त्या दिवशी घरी एवढी माणसं आली, तेव्हा हा एकटाच फाटकाबाहेर उभा होता, टोपी हातात धरून. आत आला नव्हता, निघूनही गेला नव्हता. मिस्त्रींना तेव्हा वाटलं होतं, शेजारधर्म असेल.

हात न धुता ते तसेच निघाले.

मिशीवाला एका मोटारीच्या पुढ्यात वाकला होता. पंचावन्नचा गडी, मिशी मात्र अजून काळीभोर. त्याने मिस्त्रींना पाहिलं, त्यांच्या काळ्या हातांकडे पाहिलं, आणि सरळ उभा राहिला.

“या मिस्त्री. बसा.”

“बसायला नाही आलो. माझ्या गाडीखाली किती वेळा गेलास तू?”

मिशीवाल्याने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. “खोललं म्हणायचं शेवटी खोकं.”

“खोक्याचं तुला काय ठाऊक?”

“वहिनी म्हणाल्या होत्या.”

“वहिनी!” मिस्त्री ओरडले. मागे काम करणारा एक माणूस वळून बघायला लागला. “माझ्याशी दोन शब्द बोलला नाहीस कधी, आणि माझ्या बायकोला वहिनी म्हणतोस? किती वर्षं चाललं होतं हे?”

“सात.”

मिस्त्रींनी बोटांवर वर्षं मोजून पाहिली. पाच असती तर भांडता आलं असतं.

“तुम्ही पाटे बदलले होते ना,” मिशीवाला आवाज खाली आणून म्हणाला, “तुमच्या मानेचं दुखणं झाल्यानंतर. उजवा हात धरला होता तुमचा. त्यानंतर आठवड्याभरात वहिनी इथून जात होत्या, तर गाडी मागून खडखडत होती. त्यांनी इथेच थांबवली. मी बघितलं. नट हाताने फिरत होते, मिस्त्री. पान्याने नाही, बोटांनी.”

“खोटं.”

“मी वहिनींनाही दाखवलं. त्यांनी स्वतः बोट लावून बघितलं.”

मिस्त्रींनी उजवा हात खिशात घातला. अंगठ्याजवळची दोन बोटं तेव्हापासून बधिर होती, पण ते कुणाला सांगायची गोष्ट नव्हती. जोर लावला की दंड भरून यायचा आणि वाटायचं, आवळलं. छातीठोकपणे वाटायचं.

“मला का नाही सांगितलं?”

“मी म्हटलं होतं, सांगूया. त्या म्हणाल्या, अहो, त्यांचं सगळं ऐकीन, पण हे मला सांगता नाही यायचं. मग तुम्ही काम केलं की त्या गाडी आणायच्या. मी फक्त पाना लावायचो. बाकी तुमच्या कामाला कधी हात लावला नाही. काम तुमचं चोखच असायचं. नुसता जोर कमी.”

“आणि रेघ? ती लपवून मारायची अक्कल कुणाची?”

“त्यांचीच. मी रेघ मारल्याशिवाय गाडी सोडत नाही. त्या म्हणाल्या, मग चाकाच्या बाजूने मारा, खालून दिसणार नाही अशी.” मिशीवाल्याने फडकं पुन्हा उचललं. “लिफ्ट मागवली तेव्हा मी म्हटलं, आता बसून काम करतील, दिसेल त्यांना, पुसून टाकू का? तर म्हणाल्या, राहू द्या. दिसलं तर दिसू दे.”

मिस्त्री गॅरेजात इकडेतिकडे बघू लागले. भिंतीशी एक जुनी, मोटारीतून काढलेली सीट लाकडी फळ्यांवर ठेवलेली होती.

“तो तासभर,” ते म्हणाले, “ती काय करायची इथे? तिथे बसायची?”

“हो.”

“काय बोलायची?”

खरं तर ते हेच विचारायला आले होते. नट गेले खड्ड्यात. घरी तिला बसलेली त्यांनी फारशी पाहिली नव्हती. ते गाडीखाली असले की ती वर केबिनमध्ये असायची, ब्रेकवर पाय ठेवून. गाडीखाली नसले की ती चादरी मोजत असायची. या माणसाला मात्र सात वर्षांत दर दोन महिन्यांनी एक अख्खा तास मिळाला होता, आयता.

“बोलायच्या कुठे?” मिशीवाला म्हणाला. “पहिली पाच मिनिटं बोलायच्या. मग झोपायच्या.”

“झोपायची?”

“पाय वर घेऊन. गाढ. मी पोरांना हातोडा वापरू द्यायचो नाही. शेवटी शेवटी तर गाडी झाली तरी उठवावंसं वाटायचं नाही. मी म्हटलं एकदा, वहिनी, डॉक्टरला दाखवा. म्हणाल्या, दमते हो, बाकी काही नाही.”

दुसऱ्या माणसाशी ती हसली असती, बोलली असती, तर मिस्त्रींनी एवढा जळफळाट केला नसता. पण ती दमलेली असायची, आणि ते या मिशीवाल्याने पाहिलं होतं. त्यांच्यासमोर ती बावीस वर्षं दिवसा कधी आडवीसुद्धा झाली नव्हती.

त्यांनी त्या सीटकडे पुन्हा पाहिलं. एका बाजूला रेक्झिन चिरलं होतं, तिथे कुणीतरी जाड चादरीची घडी घालून ठेवली होती. चादरीच्या कोपऱ्यावर दवाखान्याचा निळा शिक्का होता.

मिस्त्री वळले आणि दारापर्यंत गेले. मग थांबले.

“उद्या मुलगी गाडी नेणार आहे,” ते पाठमोरेच म्हणाले. “पाना घेऊन ये.”

मिशीवाला हातातलं काम तसंच टाकून निघाला. मिस्त्रींच्या गॅरेजात शिरल्यावर तो लिफ्टभोवती एक फेरी मारून म्हणाला, “बरोबर चासीखाली घेतलीय. घोड्याही लावल्यात. पुष्कळ जण पत्र्याखालीच लावतात आणि मग गाडीला पोचा पाडून माझ्याकडे येतात.”

“मला शिकवू नकोस.”

“तारीफ केली मिस्त्री.”

“तीही नको.”

मिस्त्रींनी आपल्या पान्याने पहिला नट आवळला. दात आवळून, खांदा लावून, दंड थरथरेपर्यंत. “झाला,” ते म्हणाले आणि बाजूला सरले. मिशीवाल्याने आपला लांब दांड्याचा पाना लावला. हवा तेवढा जोर बसला की हा पाना टक् असा आवाज करायचा. मिस्त्री कान देऊन बसले. आवाज आला नाही. दांडा सरकत राहिला, बोटभर, दोन बोटं, आणि मग कुठे टक् झालं.

आठही नटांचं तेच.

मिशीवाल्याने खिशातून पिवळ्या रंगाची बाटली काढली आणि सवयीने हात चाकाच्या बाजूला नेला.

“तिकडून नको,” मिस्त्री म्हणाले. “खालून मार. दिसू दे.”

त्याने खालून मारली. मिस्त्रींची जुनी पांढरी रेघ त्याने पुसली नाही, तिच्या शेजारी मारली.

चाकं चढली. मिस्त्रींनी बटण दाबून गाडी सगळ्यांत खालच्या खटक्यावर आणली. चाकं जमिनीपासून वीतभरच वर राहिली, केबिनमध्ये सहज चढता येईल इतकी. घोड्या त्या उंचीला पुन्हा लावून झाल्या. आता ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली चाकामागचा निप्पल, म्हणजे हवा सोडायचा बारीक नट, सैल करून हवा जाऊ द्यायची आणि परत आवळायचं. वरच्याने मध्येच पाय उचलला की हवा पुन्हा आत. म्हणून खालचा ओरडतो, आणि वरच्याला उत्तर द्यावं लागतं. चार महिने गाडी अशीच उभी राहिली ती याचमुळे.

“तुम्ही निप्पल बघा,” मिशीवाला म्हणाला. “मी वर बसतो.” त्याने केबिनचं दार उघडलंसुद्धा.

“तू नाही.”

मिस्त्री इतक्या जोरात म्हणाले की तो दार धरूनच थांबला.

“तिथे तू बसायचं नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “तू खाली जा. मी बसतो.”

गाडीखालची जी जागा त्यांनी आजवर आपण होऊन कुणाला दिली नव्हती, ती अशी देऊन टाकली. पारदर्शक नळी आणि बाटली घेऊन मिशीवाला मागच्या चाकापाशी आडवा झाला.

मिस्त्री वर चढले. सीट तिच्या मापाने पुढे ओढलेली होती. त्यांचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले, पोट दाबलं गेलं. पायाला ब्रेक लागेपर्यंत कमरेतून वळावं लागलं.

“सीट मागे घ्या मिस्त्री,” खालून आवाज आला. “डाव्या हाताला खाली दांडी आहे.”

“माहीत आहे मला. राहू दे तशीच.”

पुढे तिच्या मापाने वळवलेला आरसा होता. त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता, गॅरेजची अर्धी खिडकी दिसत होती. बायको बुटकी होती, तिला बरोबर दिसत असणार.

“दाबा,” मिशीवाला खालून म्हणाला.

मिस्त्रींनी दाबलं. पाय स्पंजवर पडल्यासारखा आत गेला.

“धरा.”

त्यांनी धरलं. इथे वरच्याने उत्तर द्यायचं असतं. बावीस वर्षं ते खाली पडून ते उत्तर ऐकत आले होते. कधी चादरींची मोजणी अर्ध्यावर टाकून आलेल्या आवाजात, कधी वैतागून, कधी जांभई देत. ते ऐकल्याशिवाय त्यांनी कधी निप्पल सोडला नव्हता.

खाली मिशीवाला वाट पाहत होता. नळी बाटलीत टेकल्याचा बारीक आवाज झाला.

“मिस्त्री? धरलंय का?”

गुडघ्याला स्टिअरिंग टोचत होतं. पायाखालचा ब्रेक हळूहळू आत जाऊ बघत होता. त्यांनी दोन्ही हातांनी सीटची कड पकडली आणि पायावर सगळा भार दिला.

“धरलंय,” ते म्हणाले.